जुन्या गाडीला कोणतं ऑइल?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आम्ही विंचूरच्या बचत गटातल्या बाया. आजचा विषय तेलाचा आहे. कढईतल्या नव्हे, गाडीच्या इंजिनातल्या.

आमच्या गटात पाच जणींच्या घरी चारचाकी आहे आणि पाचही जुन्या. दोन मारुती ८००, दोन ओम्नी आणि एक डिझेलवरची बोलेरो. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. म्हणजे अगदी शेवटची ८०० सुद्धा आज दहा वर्षांच्या पुढे गेलेली. या गाड्या हौसेसाठी ठेवलेल्या नाहीत. द्राक्षाच्या हंगामात मजुरांचा चहा-नाश्ता मळ्यात पोहोचवायचा, कांद्याच्या लिलावाच्या दिवशी मार्केटला जायचं, सासऱ्यांना नाशिकला डोळे दाखवायला न्यायचं, हे सगळं त्यांच्यावरच चालतं. पंधरा वर्षं झाली की आरटीओत पुन्हा नोंदणी करून घ्यावी लागते, तीही पाच-पाच वर्षांसाठी. नवी गाडी घ्यायची तर कर्ज. आणि आहे त्या गाडीचं इंजिन उतरवायची वेळ आली, तर बचतीचा डबा रिकामा. म्हणून इंजिन टिकवणं हा आमच्या घरखर्चाचा प्रश्न आहे, आणि इंजिन टिकतं ते ऑइलवर.

आता गॅरेजवर नेहमी ऐकू येणारं वाक्य सांगतो. "वहिनी, गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाका." हे वाक्य पूर्ण खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. ते आलं कुठून? आपल्याकडे एके काळी रस्त्यावर फियाट म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसडर याच गाड्या होत्या. पद्मिनी आपल्या मुंबईत कुर्ल्याला तयार व्हायची. त्या इंजिनांची घडण जुनी, भागांमधली फट मोठी, उष्णता जास्त. त्यांना जाड ऑइल मानवायचं. मेस्तरी त्याच गाड्यांवर शिकले, आणि त्यांच्या हाताखालची पोरंही तेच ऐकत शिकली. पुढे इंजिनं बदलली, फटी बारीक झाल्या, पण वाक्य तेच राहिलं. गाडीचं वय बघून जाडी ठरवायची, असा नियम कुठल्याच कंपनीच्या पुस्तिकेत नसतो.

मग जाडी ओळखायची कशी? डब्यावर मोठ्या अक्षरात दोन आकडे असतात आणि मध्ये इंग्रजी डब्ल्यू. उदाहरणार्थ २०डब्ल्यू-५०, १५डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-३०. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो की थंड इंजिनात ऑइल किती जड होतं. आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत लवकर वाहतं. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा सांगतो की इंजिन तापल्यावर, १०० अंशांना, ऑइल किती जाड राहतं. आकडा मोठा तर थर जाड.

यातलं थंडीचं गणित निफाड तालुक्यातल्या बाईला वेगळं समजावायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले पाऱ्याचे आकडे दर हिवाळ्यात पेपरात येतात, काही वर्षी तर पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. त्या दिवसांत न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली दगड होते, हे आपण बघतोच. इंजिन ऑइल असं गोठत नाही, २०डब्ल्यूचं ऑइल आपल्या थंडीत गाडी चालू व्हायला आडवं येत नाही. पण रात्रभर ते खाली पातेल्यात उतरून बसतं, आणि सकाळी चावी फिरवल्यावर वरपर्यंत चढायला जाड ऑइलला थोडा जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ वरचे भाग जवळजवळ कोरडे घासतात. इंजिनाची बरीचशी झीज याच वेळी होते. आमच्यातल्या एकीच्या ८०० मध्ये गॅरेजवाल्याने पुस्तिकेपेक्षा जाड ऑइल भरलं होतं. जानेवारीत रोज सकाळी टॅपेटचा खडखड आवाज यायचा. पुढच्या वेळी पुस्तिकेतलं ऑइल भरलं, आवाज पुष्कळ कमी झाला.

उन्हाळ्यात उलटं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, गाडी माणसांनी भरलेली असते, एसी असला तर तोही चालू. तेव्हा दुसरा आकडा कामाला येतो. फार पातळ ऑइलचा थर तापलेल्या इंजिनात टिकत नाही. म्हणून नव्या गाड्यांचं ०डब्ल्यू-२० महाग आहे, म्हणजे चांगलंच असणार, असं समजून जुन्या गाडीत टाकू नका. ते त्या इंजिनासाठी केलेलंच नाही.

म्हणून पहिली गोष्ट, पुस्तिका. गाडीबरोबर आलेली पुस्तिका शोधा. कपाटात, कागदपत्रांच्या पिशवीत, सीटखाली, कुठेतरी असतेच. नसेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला मॉडेल आणि वर्ष सांगून विचारा. बऱ्याच पुस्तिकांत एक तक्ता असतो: हवा किती गरम-थंड, त्याप्रमाणे दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात. आपली निवड त्या तक्त्याच्या आत करायची.

दुसरी गोष्ट, गाडीची तब्येत. सपाट जागी गाडी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, बोनेट उघडा. ऑइलची पट्टी असते, गॅरेजवाले तिला गेज म्हणतात. ती ओढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि परत काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असलं पाहिजे. आम्ही पाच जणी दर रविवारी हे करतो आणि वहीत लिहितो: तारीख, किलोमीटर, ऑइल कुठपर्यंत. महिन्या-दोन महिन्यांत कळतं की गाडी ऑइल खाते की नाही.

खात नसेल, गळत नसेल, धूर निळा नसेल, तर गाडी वीस वर्षांची का असेना, पुस्तिकेतलंच नेहमीचं ऑइल टाका. खात असेल, तर तक्त्यातली त्यातल्या त्यात जाड ग्रेड घ्या. आमच्यातल्या एकीच्या ओम्नीला याने खरंच फरक पडला, दर महिन्याला वरून घालावं लागणारं ऑइल निम्म्यावर आलं. पण हजार किलोमीटरला लिटरच्या आसपास ऑइल लागत असेल, तर जाड ऑइल म्हणजे दुखण्यावर पांघरूण. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. तिथे मेस्तरीला काम दाखवावंच लागतं. निळ्या धुराची गाडी पीयूसीलाही अडकते.

वरून ऑइल घालताना थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या पुढे भरलं तर आत फेस होतो आणि त्यानेही नुकसान होतं. आणि एक लक्षात ठेवा: गाडी चालू असताना समोर तेलाच्या बुधलीच्या आकाराचा लाल दिवा लागला, तर घर एका किलोमीटरवर असलं तरी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. ऑइलचा दाब गेलेला असतो. तेवढ्या एका किलोमीटरमध्ये इंजिन जाम होऊ शकतं.

तिसरी गोष्ट, डब्यावरची अक्षरं. एपीआय असं लिहून पुढे दोन अक्षरं असतात. पहिलं एस असेल तर पेट्रोलसाठी, सी असेल तर डिझेलसाठी. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितकं ऑइल नव्या दर्जाचं. पेट्रोलमध्ये एसजे हे २००१ पर्यंतच्या इंजिनांसाठी, एसएल २००४ पर्यंतच्या, एसएम २०१० पर्यंतच्या, एसएन २०२० पर्यंतच्या, आणि २०२० मध्ये एसपी आलं. पुढच्या अक्षराचं ऑइल मागच्या गाडीला चालतं, मागच्या अक्षराचं पुढच्या गाडीला नाही. एसएफ हा दर्जा १९८८ पर्यंतच्या गाड्यांसाठी होता. स्वस्त मिळतं म्हणून २००८ च्या गाडीत एसएफ टाकू नका. म्हणजे जुन्या गाडीला जाडी जुनी चालेल, पण दर्जा नवा घ्यायचा.

शेतकऱ्याच्या घरात ट्रॅक्टरच्या ऑइलचा मोठा डबा असतोच. "त्यातलंच घाल की लिटरभर," असं घरातलं कोणीतरी म्हणतं. डब्यावर सी आणि एस दोन्ही अक्षरं असतील आणि जाडीही पुस्तिकेप्रमाणे असेल, तरच घाला. ट्रॅक्टरच्या गिअर-हायड्रॉलिकचं ऑइल तर इंजिनात कधीच नाही.

सिंथेटिक घ्यावं का, असंही बायका विचारतात. ते चांगलं असतं, उष्णतेत टिकतं. पण जुन्या गाडीला महागडं ऑइल दोन वर्षं ठेवण्यापेक्षा साधं, योग्य दर्जाचं ऑइल वेळेवर बदललेलं बरं, आणि प्रत्येक वेळी फिल्टरही नवा. आपल्याकडे गाडी विंचूर ते लासलगाव अशा जवळच्या फेऱ्या जास्त करते. इंजिन पुरतं तापत नाही, आतला ओलावा उडून जात नाही, ऑइल लवकर खराब होतं. शिवाय मळ्याच्या रस्त्याची धूळ. म्हणून किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ऑइल बदलाच, आणि एअर फिल्टर मध्ये-मध्ये झटकून बघा.

आता खरेदी. बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. झाकणाचं सील, छपाई, बॅच नंबर, तारीख बघा. नकली ऑइल बहुधा खऱ्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरलेलं असतं. ते रिकामे डबे जातात कुठून? आपल्याच घरातून, भंगारवाल्याकडे. म्हणून डबा रिकामा झाला की त्याला विळ्याने चीर द्या आणि मगच भंगारात टाका. गॅरेजवर ऑइल बदललं तर सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामा डबा घरी आणा.

गॅरेजवर बोलताना भांडायची गरज नाही. आम्ही पुस्तिकेच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय. तो दाखवून म्हणायचं, "दादा, यात हे लिहिलंय. दुसरं टाकायचं तर का, ते सांगा." चांगला मेस्तरी कारण सांगतो: रिंग गेलीय, सील गळतंय, दाब कमी येतोय. त्याचं ऐकावं, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण "जुनी झाली म्हणून" एवढंच कारण असेल, तर आपलं पान आपल्या हातात आहे.

शेवटी जळक्या ऑइलबद्दल. आपल्याकडे ते वाळवीसाठी लाकडाला लावतात, बांधावर ओततात, कधी जनावराच्या जखमेवरही लावतात. त्यात इंजिनातले धातूचे कण आणि जळकी रसायनं असतात. ते कातडीला घातक आहे, आणि जमिनीत मुरलं तर विहिरीच्या पाण्यापर्यंत जातं. ज्या विहिरीवर आपली द्राक्षबाग आहे, तिच्याजवळ ते ओतायचं कशाला? कायद्याने ते घातक कचऱ्यात धरलेलं आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं ऑइल गोळा होऊन पुन्हा शुद्ध व्हावं याची जबाबदारी ऑइल कंपन्यांवरही आली आहे. जळकं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवर परत द्या.

तर मैत्रिणींनो, या रविवारी एवढंच करा. पुस्तिका शोधा, त्या पानाचा फोटो काढा, गेज ओढून बघा आणि वहीत पहिली ओळ लिहा. पुढच्या वेळी ऑइल घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला "एखादं चांगलं ऑइल द्या" असं म्हणायची वेळ येणार नाही, आकडा आणि अक्षर सांगून मागता येईल.