जपानी परीक्षेची तयारी

जपानमध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय? तिथले जपानी माध्यमाचे अनेक अभ्यासक्रम ‘जेएलपीटी’ या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची एन-२ किंवा एन-१ पातळी मागतात. १९८४ पासूनची ही परीक्षा पुण्यात होते, तशी दिल्लीतही.

एन-२ साठी १८० पैकी ९० गुण हवेत. शिवाय भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण या प्रत्येक विभागात ६० पैकी किमान १९. म्हणून नुसती कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, घोकून भागत नाही. रोज जपानी बातम्या ऐका, घड्याळ लावून उतारे सोडवा.

लेखन, संभाषण या परीक्षेत तपासत नाहीत. पण प्रवेशाच्या मुलाखतीत बोलावं लागतंच. तेव्हा बोलण्याचा सराव आजपासूनच सुरू करा. शुभेच्छा!