खेळाडूचे राष्ट्र कोणते?

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेळाडूने देश बदलला की दोनच शब्द कानी पडतात : ‘गद्दार’ किंवा ‘भाडोत्री’. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविल्यामुळे मी या प्रश्नाकडे श्रमिकाच्या स्थलांतराचा प्रश्न म्हणून पाहतो. भांडवल रात्रीतून सरहद्द ओलांडते, त्याला कोणी गद्दार म्हणत नाही. आपल्याकडेही थोरले पतौडी १९३२ मध्ये इंग्लंडकडून खेळले आणि १९४६ मध्ये भारताचे कर्णधार झाले. त्याच १९४६ च्या दौऱ्यात भारताकडून खेळलेले अब्दुल हफीझ कारदार १९५२ मध्ये पाकिस्तानचे कर्णधार म्हणून दिल्लीत उतरले. त्यांच्या बाबतीत माणूस हलला त्याहून अधिक सीमाच हलल्या होत्या.

आता अलीकडचे पाहू. झोला बड ही दक्षिण आफ्रिकेची सतरा वर्षांची धावपटू. वर्णद्वेषी धोरणामुळे तिच्या देशाला ऑलिंपिकचे दार बंद होते. आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले, एवढ्या आधारावर आणि एका मोठ्या वृत्तपत्राच्या खटपटीने १९८४ मध्ये तिला अवघ्या दोन आठवड्यांच्या आत ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. त्याच काळात ब्रिटनमध्ये राबणारे आपल्या उपखंडातील कामगार बायकामुलांना आणण्याच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षे रांगेत उभे होते! दोष त्या मुलीचा नाही. पण रक्ताच्या नात्याची कसोटी कोणासाठी किती लवकर लागू होते, हे यातून दिसते.

नईम सुलेमानोग्लू याची कथा नेमकी उलट आहे. बल्गेरियातील तुर्की अल्पसंख्याकांपैकी हा वजनउचल खेळाडू. तेथील सरकारने, आणि ते स्वतःला समाजवादी म्हणवीत होते हे आपण विसरू नये, या लोकांची नावेच सक्तीने बदलली. नईमचा ‘नाउम शालामानोव्ह’ झाला. १९८६ मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेच्या वेळी त्याने पलायन केले आणि तुर्कस्तान गाठले. परंतु मूळ देशाच्या संमतीवाचून १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये उतरता येईना. तेव्हा तुर्कस्तानने बल्गेरियाला दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम मोजल्याचे प्रसिद्ध झाले. सोलमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले. ज्याने माणसाचे नाव हिरावून घेतले, त्यालाच त्याच्या सुटकेचे मोल मिळाले! नागरिक ही राज्याची मालमत्ता आहे, असे मानल्याखेरीज या व्यवहाराला अर्थच उरत नाही.

तिसरे उदाहरण केनियाच्या स्टीफन चेरोनोचे. २००३ च्या ऑगस्टमध्ये तो कतारचा नागरिक ‘सैफ सईद शाहीन’ झाला आणि त्याच महिन्यात पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस जिंकला. त्याच शर्यतीत त्याचा सख्खा भाऊ केनियाकडून धावत होता. ऑलिंपिक सनदेनुसार देश बदलल्यावर तीन वर्षे थांबावे लागते. ही मुदत संबंधित समित्यांच्या संमतीने कमी होऊ शकते. केनियाच्या ऑलिंपिक समितीने संमती नाकारली. २००४ मध्ये अथेन्सला तिन्ही पदके केनियाने घेतली आणि शाहीनने काही दिवसांतच ब्रुसेल्समध्ये विश्वविक्रम केला. तो २०२३ पर्यंत अबाधित होता.

कोणी म्हणेल, गरीब घरच्या मुलाने पोटासाठी देश बदलला तर तुमचे काय गेले? त्याचे मी काहीच म्हणत नाही. माझा आक्षेप खरेदीदारावर आहे. कतारच्या २००५ च्या कायद्यानुसार सामान्य परदेशी माणसाला नागरिकत्वासाठी पंचवीस वर्षे वास्तव्य करावे लागते. तिथे इमारती बांधणारा आपला मजूर ते स्वप्नातही पाहत नाही. मग धावणाऱ्या पायांना ते काही दिवसांत कसे मिळते?

जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने २०१७ मध्ये असे सर्व बदल गोठविले आणि २०१८ मध्ये नवे नियम आणले : तीन वर्षांची प्रतीक्षा, किमान वय वीस, पूर्ण नागरिकत्व दिल्याचा पुरावा. सुधारणा स्वागतार्ह आहे, पण अपुरी. तीन वर्षे नुसती लोटणे वेगळे आणि त्या समाजात राहणे, कर भरणे, तेथील मैदानावर घाम गाळणे वेगळे. १९५५ मध्ये नॉटेबोम खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले होते की, कागदी नागरिकत्वामागे खरा संबंध असला पाहिजे. तो खटला धनिकाचा होता. खेळाडूंना तीच कसोटी लावावी. खरे वास्तव्य हाच निकष असावा, मूळ देशाच्या समितीचा नकाराधिकार काढून स्वतंत्र मंडळाकडे द्यावा आणि छळामुळे पळालेल्यास एक दिवसही थांबवू नये. निर्वासितांचा संघ २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये उतरतो आहे, तेव्हा हे अशक्य नाही.

आपल्या देशाचे काय? २००८ पासून केवळ भारतीय नागरिकच राष्ट्रीय संघातून खेळू शकतात. दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे हा नियम निदान सरळ आहे. पासपोर्ट विकत घेण्याला त्यात वाव कमी. पण इझुमी अराता पाहा. वडील भारतीय, आई जपानी. तो आधी मुंबईत आणि नंतर पुण्यात वर्षानुवर्षे फुटबॉल खेळला. तरी जपानी पासपोर्ट सोडीपर्यंत भारतीय संघ त्याला बंद होता; २०१३ मध्ये तो अखेर भारताकडून खेळला. वास्तव्याच्या कसोटीवर तो आधीच पात्र ठरला असता. आणि जो परदेशीच वाढला, पण ज्याचे आजोबा इथले, अशा मुलाला त्याच कसोटीने आपल्याला नकार द्यावा लागेल. तो कितीही चांगला खेळत असला, तरी.