प्रोस्टेटचं ऑपरेशन म्हणजे नेमकं कुठलं?



माझा विषय ऐकून मागच्या बाकांवर हशा पिकला. हसा! पण मुलग्यांनो, पन्नाशीकडे निघालात, म्हणजे विषय तुमचाच आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली. बाबांच्या आजारपणात हे जवळून पाहिलं आणि कळलं की ‘प्रोस्टेटचं ऑपरेशन’ या एका नावाखाली तीन वेगळी ऑपरेशनं येतात.

एक दुर्बिणीचं, टीयूआरपी. वयानुसार ग्रंथी वाढते, लघवी अडते, ती वाट मोकळी करायची. हा कॅन्सर बरा करण्याचा इलाज नव्हे. त्यामुळे ‘आमचे काका तर लगेच घरी आले’ हा दिलासा कॅन्सरच्या पेशंटला देऊ नका.

दुसरं, कॅन्सर ग्रंथीपुरताच असताना अख्खी ग्रंथी वीर्यकोशांसकट काढण्याचं. ताठरतेच्या नसा ग्रंथीला अगदी चिकटून जातात. १९८२ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या पॅट्रिक वॉल्श यांनी त्या ओळखून, जपून हे ऑपरेशन केलं. पण कॅन्सर नसांपर्यंत गेला असेल तर त्या वाचवता येत नाहीत. वाचवल्या तरी सुधारायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. वीर्य मात्र कायमचं बंद होतं. रोबोने रक्त कमी जातं, पण रोबो सर्जनच चालवतो. तेव्हा यंत्रापेक्षा हात कुणाचा ते बघा. (माझ्या धंद्याविरुद्ध बोलतेय!)

तिसरं, कॅन्सर पसरल्यावर दोन्ही वृषणं काढण्याचं, म्हणजे त्याला पोसणारं हार्मोन थांबतं. इंजेक्शनांपेक्षा स्वस्त, पण परतीची वाट नाही. अंगातून वाफा येतात, इच्छा मरते, हाडं ठिसूळ होतात.

ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत ग्रंथीपुरता कॅन्सर असलेले १६४३ पुरुष होते. काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर नुसती देखरेख. साधारण १५ वर्षांत या कॅन्सरने ४५ जण गेले, तिन्ही गटांत जवळपास सारखेच. देखरेखीत कॅन्सर पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. आणि ऑपरेशनच्या गटात सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. उग्र कॅन्सरला हे गणित लागू नाही. पण सौम्य असेल तर विचार करायला वेळ असतो.

नळी काढल्यावर लघवी ठिबकेल, हे बाबांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी सकाळचं फिरणं सोडलं. आईला वाटलं, गुडघे दुखतात. पुढे फिजिओथेरपिस्टने लघवी रोखणाऱ्या स्नायूंचे व्यायाम शिकवले आणि काही महिन्यांनी पॅड सुटलं. हे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घेता येतात.

म्हणून डॉक्टरांना आधी विचारा: माझा कॅन्सर किती उग्र आहे? थांबता येईल का? नसा वाचतील का? तुमचे पेशंट वर्षभराने किती कोरडे असतात? आणि बायकोला किंवा मुलीला केबिनबाहेर बसवू नका, लिहून घ्यायला आम्हीच बऱ्या.

चहाच्या वेळी मी खिडकीपाशी आहे. चारचौघांत विचारणं जड जात असेल, त्यांनी तिथे या.