खारबांध आणि पाणपक्षी

पक्षी पाहावयास जावयाचे म्हटले की शहरातील हौशी माणसाच्या मनात प्रथम अभयारण्याचा विचार येतो, आणि रायगड जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर त्याला निराश होण्याचे कारण नाही. कारण पनवेलहून पेणकडे येताना वाटेवरच कर्नाळा लागते, ज्याला १९६८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि दक्षिणेस मुरुड व रोहा तालुक्यांच्या डोंगरांत फणसाड आहे, जे एकेकाळी जंजिरेकर नवाबांचे शिकारीचे रान होते व १९८६ पासून वन्य जीवांचे संरक्षित घर झाले आहे. परंतु ही दोन्ही डोंगरातील झाडीची ठिकाणे होत. पाण्यावर जगणाऱ्या पाखरांचा मुलूख या दोहोंच्या मधल्या सपाटीवर, पाताळगंगा, भोगावती, अंबा आणि कुंडलिका या नद्या खाडीच्या पाण्यात मिसळतात तेथील खाजणांत आणि खारजमिनींत पसरलेला आहे. तेथे ना फाटक आहे, ना चौकीदार. त्या मुलखाची राखण मातीचा एक बांध करतो, आणि त्या बांधाची राखण तेथील शेतकरी करतो.

पेणच्या पश्चिमेस वाशी, वढाव, दादर, शिर्की या गावांकडे जो खारेपाट पसरला आहे, तो निसर्गाने आयता दिलेला नव्हे. भरतीचे पाणी जेथे दिवसातून दोनदा चढत असे, तेथे मातीचे बांध घालून समुद्राला थोपविण्याचे काम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. जे असे बांध घालीत व राखीत त्यांना पूर्वी शिलोत्री म्हणत. सरकारातून त्यांना कौल मिळे, आणि बांधाच्या डागडुजीसाठी त्या जमिनीतील भाताचा ठरावीक हिस्सा राखून ठेवण्याचा रिवाज असे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात महसुलाच्या प्रकरणी या शिलोत्राची हकिकत आलेली आहे. आणि योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. एका दप्तरात जमिनीची नोंद झाली, दुसऱ्या दप्तरात पाखरांची नोंद होऊ लागली. या दोन दप्तरांचा विषय पुष्कळ अंशी एकच आहे, हे मात्र आपल्या ध्यानात फार उशिरा आले.

बांधाच्या बाहेर चिखल, तिवर व कांदळ ही खारफुटीची झाडे आणि निवट्या हे चिखलातले मासे. बांधाच्या आत भातखाचरे, जिताडा मासा वाढविण्याची तळी, क्वचित मिठागरे. या दोन जगांना जोडणारा दरवाजा म्हणजे उघाडी. पावसाळ्यात शेतातील गोडे पाणी ओहोटीच्या वेळी तिच्यातून बाहेर जाते, आणि भरतीचे खारे पाणी आत येऊ पाहू लागले की ती मिटते. पक्षिनिरीक्षकाने दुर्बिणीच्या आधी हा दरवाजा समजून घ्यावा, कारण पाखरांचा दिनक्रम त्याच्याच तालावर चालतो. ओहोटी लागली की छोटे टिलवे, चिखल्ये, तुतवार हे उघड्या पडलेल्या चिखलावर पांगतात आणि दुरून नुसते ठिपके दिसतात. पाणी चढू लागले की हळूहळू मागे हटत तीच मंडळी बांधाच्या आतील खाचरांत व मिठागरांच्या कडेला दाटीवाटीने येऊन बसते. तेव्हा पाहावयास जावे ते भरतीच्या सुमारास.

ही वेळ शोधण्यास कोकणात एक जुना हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची अदमासे घटका हाती लागते: चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास. खाडीत आतवर पाणी पोहोचावयास थोडा अधिक वेळ लागतो, तेवढी सूट धरावी. उधाणाच्या दिवसांत पाणी पार बांधापर्यंत येत असल्यामुळे पाखरे सर्वांत जवळ येतात, आणि हेच दिवस शेतकऱ्याच्या काळजीचेही असतात.

कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम. या दिवसांत उत्तर आशियातून उतरून आलेले पाहुणे येथे असतात. छोटा टिलवा हा त्यांतला अगदी लहान. वजन सुमारे पंचवीस ग्रॅम, आणि त्याचे प्रजननस्थान मात्र थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात! त्यांच्याबरोबर लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, राखी बगळा, ढोकरी, खंड्या, आणि वर घिरट्या घालणारी तांबूस पंखांची ब्राह्मणी घार ही मंडळी भेटतात.

रोह्याकडे पाण्याची कथा निराळी आहे. कुंडलिका ही कोकणातील इतर नद्यांप्रमाणे उन्हाळ्यात आटत नाही. कारण घाटमाथ्यावर मुळशीच्या धरणात अडविलेले पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून खाली येऊन तिच्यात पडते. पूर्वेकडे भीमेस जाऊन मिळावयाचे ते पाणी अशा रीतीने पश्चिमवाही झाले. डोलवहाळच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी ते शेतांत फिरते, आणि कालव्यास पाणी असले की बाकीचे कोकण करपून गेलेल्या चैत्र-वैशाखातही रोहा-माणगावकडील उन्हाळी भाताच्या खाचरांत बगळ्यांचे व शराटींचे थवे चरताना दिसतात. त्या ओलाव्याचे मोल १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांबरोबर या धरणाविरुद्ध सत्याग्रह करणाऱ्या मुळशीच्या मावळ्यांनी आपल्या जमिनी गमावून चुकते केले, ही गोष्ट तेथे उभे राहून पाखरे मोजणाराने विसरू नये.

आता या कथेतील अवघड भाग. बांधाला खांड पडली म्हणजे खारे पाणी शेतात शिरते, भाताचे पीक हातचे जाते, आणि दुरुस्ती लांबली तर दोन-चार वर्षांत त्या शेतात तिवरे उभी राहतात. पक्षिप्रेमी म्हणतो, कांदळवन वाढले. सात-बाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो म्हणतो, माझी जमीन बुडाली. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. पण नीट पाहिले तर असे आढळते की खारेपाटाची समृद्धी केवळ तिवरांत नाही आणि केवळ भातातही नाही. बाहेर तिवरे, आत खाचरे आणि मध्ये सुस्थितीतला बांध, या तिन्हींच्या शेजारात ती आहे. बाहेरचे कांदळवन लाटांचा मार स्वतःवर घेते म्हणून बांध टिकतो, आणि बांध टिकतो म्हणून भरतीच्या वेळी पाखरांना आत विसावा मिळतो.

कायद्याची दृष्टी येथे थोडी अपुरी पडते. इराणातील रामसर येथे १९७१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पाणथळ भूमीची व्याख्या उदारपणे केली. नैसर्गिक असो वा मनुष्यनिर्मित, गोड्या पाण्याची असो वा खाऱ्या, तिने सर्वांस सामावून घेतले. आपल्या येथील २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांनी मात्र भातशेती आणि मिठागरे यांस त्या व्याख्येतून वगळले आहे. कांदळवनास न्यायालयाचे व किनारपट्टीच्या नियमांचे छत्र आहे. आतल्या खाचरास तसे काही नाही. त्याचे छत्र एकच: ते कसणारा माणूस तेथे राहिला पाहिजे. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की न द्यावी यावर शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला, तेव्हा पाखरांचे नाव कोणी काढले नसेल. तथापि शेती राखण्याचा जो आग्रह पेणच्या शेतकऱ्यांनी त्या काळात धरला, त्यात पाखरांचाही वाटा होताच.

आता पाहण्याच्या रीतीविषयी. धरमतरच्या खाडीपलीकडे किहीम येथे १९३० च्या पावसाळ्यात डॉ. सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. कोणाही खेडुताच्या नित्य दृष्टीस पडणारे ते पाखरू. परंतु नर एकामागून एक घरटी विणावयास घेतो आणि घरटे पसंत पडले तरच मादी तेथे नांदावयास येते, हे त्यांनी तासन् तास बसून पाहिले आणि जगापुढे मांडले. दुर्मीळ पाखराच्या मागे धावण्यापेक्षा एका जागेचे नित्य निरीक्षण अधिक फलदायी असते, हा धडा याच जिल्ह्याच्या मातीत गिरविला गेला आहे.

म्हणून, श्रोतेहो, पेणला किंवा रोह्याला रेल्वेने वा एस.टी.ने उतरून जेव्हा आपण खारेपाटाकडे वळाल, तेव्हा प्रथम गावात चौकशी करा, ज्याच्या शेतावरून जावयाचे त्याची परवानगी घ्या, आणि चालावयाचे ते बांधावरूनच. मात्र नवी माती घातलेली असेल तेथे पाय देऊ नका आणि उघाडीच्या फळ्यांस हात लावू नका. उन्हाळ्यात टिटवी व शेकाट्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा त्या ओरडू लागल्या की मागे फिरा. आणि परतल्यावर पाहिलेल्या पाखरांच्या यादीखाली एक ओळ बांधाविषयीही लिहा: कोठे तो खचला आहे, कोठे उघाडी नादुरुस्त आहे. अशी टिपणे वर्षानुवर्षे साचली आणि गावकऱ्यांच्या अर्जांस जोडली गेली, तर खारभूमीच्या कचेरीत त्या अर्जांचे वजन वाढेल, आणि पाखरे पाहणाऱ्याचा त्या गावाला काही उपयोग झाला असे म्हणता येईल.