खंड, मजुरी आणि नफा : फिजीतील दोन समाजांची तुलना



१४ मे १८७९ रोजी 'लिओनिदास' नावाचे जहाज कलकत्त्याहून फिजीच्या लेवुका बंदरात पोचले. त्यावर साडेचारशेहून अधिक भारतीय मजूर होते. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उमटवून ते आले होते. बरोबर १०८ वर्षांनी, १४ मे १९८७ रोजी, लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका मुखवटे घातलेल्या सैनिकांसह फिजीच्या संसदेत शिरले आणि जेमतेम एका महिन्याचे सरकार त्यांनी पदच्युत केले. पंतप्रधान डॉ. तिमोची बावाद्रा स्वतः मूळ फिजियन होते. त्यांच्या मंत्रिमंडळात दोन्ही समाजांची माणसे होती. तरीही बंडाच्या समर्थनार्थ जे कारण पुढे करण्यात आले ते असे : या सरकारमागे भारतीयांचे बळ आहे, भारतीय श्रीमंत आहेत, आणि या भूमीचे मूळ धनी, ज्यांना आज 'इतौकेई' म्हटले जाते, ते आपल्याच देशात दरिद्री राहिले आहेत.

हे विधान आर्थिक स्वरूपाचे आहे, आणि म्हणून ते अर्थशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे. बाहेरून आलेला समाज आणि मूळचा समाज यांच्या सुस्थितीची तुलना कशी करावयाची? दोघांच्या सरासरी उत्पन्नाचे आकडे शेजारी शेजारी मांडले की तुलना झाली, असे मानण्याची सवय सर्वत्र आहे. या सवयीतून केवढा अनर्थ होतो, हे फिजीइतके स्वच्छ क्वचितच कोठे दिसेल.

१८७४ साली फिजी ब्रिटिशांच्या ताब्यात आले. दुसऱ्याच वर्षी गोवराची साथ आली आणि मूळ लोकसंख्येचा सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा तीत नष्ट झाला. पहिले निवासी गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्यापुढे पेच होता. वसाहतीचा खर्च भागेल असे पीक हवे होते. ते पीक म्हणजे ऊस. पण साथीतून वाचलेल्या लोकांना मळ्यांवर जुंपले तर हा समाज उरणारच नाही, अशी भीती होती. गॉर्डन त्रिनिदाद आणि मॉरिशस येथे गव्हर्नर राहून आले होते. तेथे मळ्यांवर राबणारे करारबद्ध भारतीय मजूर त्यांनी पाहिले होते. त्यांनी तोडगा काढला : फिजियनांची जमीन विकली जाणार नाही, त्यांनी आपल्या मुखियांच्या अमलाखाली आपापल्या गावी राहावे, कर वस्तुरूपाने द्यावा, मजूर भारतातून आणावेत, आणि भांडवल सिडनीच्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीकडून घ्यावे. १८८२ मध्ये कंपनीची नौसोरीची गिरणी सुरू झाली. पुढे बा, लंबासा आणि लौतोका येथे गिरण्या उभ्या राहिल्या.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही उत्पादनाचे घटक पाठ असतात : भूमी, श्रम आणि भांडवल, आणि त्यांचे मोबदले खंड, मजुरी आणि नफा. फिजीत हे तीन घटक तीन वंशांत वाटून दिले गेले. भूमी फिजियनांची, श्रम भारतीयांचे, भांडवल गोऱ्यांचे. यापुढे खंड आणि मजुरी यांचे भांडण 'फिजियन विरुद्ध भारतीय' असे दिसणार हे ठरलेलेच होते. नफा मात्र या भांडणात कोठेच नव्हता; तो जहाजाने सिडनीला जात होता.

मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचे भोके पाडण्याचे हत्यार. फिजीतले गिरमिट हा 'अॅग्रीमेंट' या शब्दाचा मजुरांनी केलेला अपभ्रंश. पण दोन्हींच्या कामात फारसा फरक नसावा. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, स्त्रीला नऊ पेन्स, तेही नेमून दिलेले काम पुरे झाले तर. पाच वर्षांनी स्वखर्चाने परत जाता येई. दहा वर्षे काढली तर परतीचे भाडे मिळे. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार माणसे या करारावर गेली, पैकी जवळजवळ पाऊण भाग कलकत्ता बंदरातून, उरलेली मद्रासहून. बहुसंख्य परतली नाहीत. या पद्धतीविरुद्ध भारतात जो आवाज उठला त्यात नामदार गोखल्यांचा वाटा मोठा आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविलेल्या या गृहस्थांनी मार्च १९१२ मध्ये कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धत समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला. १९१६ साली भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी उरलेले करार रद्द झाले. हे पाहावयास गोखले हयात नव्हते.

करारातून सुटलेला मजूर पुढे ऊसकरी कूळ झाला. कंपनीने आपले मळे मोडून सुमारे दहा दहा एकरांचे तुकडे खंडाने दिले. काहींनी फिजियन कुळसमूहांकडून जमिनी घेतल्या. लागवडीचा सगळा धोका शेतकऱ्याकडे आला. उसाचा भाव ठरविणे, तोडीचा हुकूम देणे आणि वजन करणे कंपनीकडेच राहिले. १९२१, १९४३ आणि १९६० साली ऊसकऱ्यांनी संप केले. अखेर १९६९-७० मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या लवादाने विक्रीच्या उत्पन्नातील ६५ टक्के शेतकऱ्यांना आणि ३५ टक्के गिरणीला अशी वाटणी दिली. कंपनीने काय केले? या भावात आपल्याला परवडत नाही, असे सांगून १९७३ मध्ये तिने फिजी सोडले आणि गिरण्या सरकारच्या गळ्यात घातल्या. नव्वद वर्षांच्या नफ्याची सरासरी कोणत्या समाजाच्या खात्यावर मांडावयाची, हा प्रश्न कोणत्याही जनगणनेने विचारलेला नाही.

आता दुसरी बाजू. फिजीतील ८० टक्क्यांहून अधिक जमीन मूळ समाजाच्या सामूहिक मालकीची राहिली. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या नशिबी जे आले ते पाहता ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि समाजवाद्यांनी तिला कमी लेखू नये. परंतु मालकी म्हणजे उत्पन्न नव्हे. १९४० च्या कायद्याने या जमिनींचा कारभार एका न्यासमंडळाकडे गेला. मंडळ खंडातून आपला खर्च कापून घेई. उरलेल्या रकमेपैकी ३० टक्के तीन पायऱ्यांवरच्या मुखियांना आणि ७० टक्के सर्व सभासदांना मिळून वाटण्यात येत. १९७६ च्या कायद्यानुसार खंडालाच जमिनीच्या मूळ किमतीच्या सहा टक्क्यांची मर्यादा होती. सामान्य सभासदाच्या हाती वर्षाकाठी पडणारी रक्कम नगण्यच असे. समान वाटणीचा नियम बैनिमारामांच्या लष्करी राजवटीने २०११ पासून लागू केला. एवढी साधी सुधारणा निवडून आलेल्या सरकारांना चाळीस वर्षांत सुचू नये, याची लाज लोकशाहीवाद्यांना वाटावयास हवी.

गॉर्डन यांच्या 'संरक्षणा'ची किंमत फिजियन गावकऱ्याने अशी मोजली. मजुरीच्या बाजारापासून, व्यापारापासून आणि पैशाच्या व्यवहारापासून त्याला दूर ठेवले गेले, आणि मग तो आळशी असल्याचे ठरविण्यात आले. १९५९ च्या स्पेट अहवालाने स्वतंत्र शेतकरी घडविण्याची शिफारस केली. मुखियांची जुनी व्यवस्था सोडण्याची कोणाची तयारी नव्हती. भारतातून फिजीला जाऊन आलेले प्रवासीही तेथील भारतीयांच्या उद्यमशीलतेची स्तुती करतात आणि त्याच श्वासात फिजियनांची निंदा करतात. त्यांना दिसतो तो सुवामधील गुजराती दुकानदार. तो बहुधा गिरमिटियांचा वंशजही नसतो. तो स्वतःच्या भाड्याने, मुक्त प्रवासी म्हणून आलेल्यांपैकी असतो. लंबासाकडील ऊसतोड्या त्यांच्या नजरेस पडत नाही.

सरासरीचा दोष येथे उघडा पडतो. १९९०-९१ च्या कुटुंबपाहणीवर आधारलेला फिजी सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांचा अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे चौथा हिस्सा कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली आढळली, आणि ती सर्व समाजांत होती. भारतीय कुटुंबांचे सरासरी उत्पन्न फिजियन कुटुंबांपेक्षा अधिक होते हे खरे; पण भारतीयांतील सर्वांत खालचा थर फिजियनांतील खालच्या थराहून गरीब होता. समाजासमाजांतील अंतरापेक्षा प्रत्येक समाजाच्या पोटातील अंतर मोठे होते. २००२-०३ आणि २००८-०९ च्या पाहण्यांतही दोन्ही समाजांतील दारिद्र्याचे प्रमाण साधारणपणे एकतृतीयांशाच्या आसपास, जवळजवळ सारखे निघाले. एकाकडे जमीन होती पण भांडवल नव्हते; दुसऱ्याकडे कसब होते पण पायाखालची जमीन खंडाची होती. निष्कर्ष मात्र दोघांच्याही ताटात तोच.

सत्तापालटानंतर 'मूळ समाजाच्या उन्नती'साठी जे झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९९२ साली सरकारने फिजियन होल्डिंग्ज या कंपनीसाठी दोन कोटी डॉलरचे कर्ज दिले. ते प्रांतांच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या नावाने होते. पण कंपनीचे बरेच भाग मोजक्या वजनदार घराण्यांच्या खासगी कंपन्यांकडे गेले. फिजीची राष्ट्रीय बँक १९९० च्या दशकाच्या मध्यास बुडाली तेव्हा तिची बुडीत कर्जे वीस कोटी डॉलरच्या वर होती. घेणाऱ्यांत मुखियांचे आप्त होते, राजकारणी होते आणि भारतीय व्यापारीही होते. तेथे वांशिक भेदभाव आढळला नाही. वातुकौला येथील सोन्याच्या खाणीतील कामगार बहुतांशी मूळ फिजियन. त्यांनी १९९१ मध्ये संप पुकारला, तेव्हा मूळ समाजाच्या नावाने राज्य करणाऱ्या सरकारला त्यांचा कैवार घ्यावासा वाटला नाही.

एका माणसाची हकीकत येथे सांगितली पाहिजे. डिसेंबर १९५९ मध्ये सुवा येथे तेल कंपन्यांच्या कामगारांनी संप केला. त्यात भारतीय आणि फिजियन कामगार खांद्याला खांदा लावून उभे होते. दंगल उसळली तेव्हा जमावाचा रोख गोऱ्यांच्या दुकानांवर होता, एकमेकांवर नव्हता. वसाहत सरकार हादरले ते याच गोष्टीने. संपाच्या पुढाऱ्यांत अपिसाई तोरा हे तरुण फिजियन होते. मुखियांनी सभा घेऊन फिजियन कामगारांना भारतीयांपासून दूर राहण्याचा उपदेश केला. तोच तोरा १९८७ मध्ये बावाद्रा सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या 'तौकेई चळवळी'च्या अग्रभागी होता. एका व्यक्तीची संधिसाधू वृत्ती म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल. पण या अठ्ठावीस वर्षांत कामगार चळवळीने त्याला आणि त्याच्यामागच्या हजारोंना धरून ठेवण्यासाठी काय केले, हा प्रश्न मजूर पक्षालाही चुकविता येणार नाही. तो पक्ष स्थापन झाला तोच मुळी १९८५ साली.

यानंतर तुलनेचे आकडे बदलले, आणि का बदलले ते समजून घेणे आवश्यक आहे. १९४६ च्या जनगणनेत भारतीय फिजियनांपेक्षा संख्येने पुढे गेले होते. २००७ च्या जनगणनेत ते सुमारे ३७ टक्के उरले. १९८७ नंतर एक लाखाहून अधिक भारतीय देश सोडून गेले. प्रामुख्याने शिकलेले आणि ज्यांना जाणे परवडले असे. तीस वर्षांचे शेतीचे खंडकरार १९९७ पासून संपू लागले आणि अनेकांचे नूतनीकरण झाले नाही. युरोपीय संघाने २००६ ते २००९ या काळात साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरविला. १९९० च्या दशकाच्या मध्यास ४० लाख टनांच्या घरात असलेले उसाचे पीक २०१० पर्यंत २० लाख टनांच्या खाली आले. जमीन सुटलेली ऊसकरी कुटुंबे सुवा आणि नौसोरी यांच्या मधल्या पट्ट्यात, झोपड्यांत आली. ज्यांचे भाऊ, मुले परदेशी होती त्यांना मनिऑर्डरी येऊ लागल्या.

मग २०१९-२० ची पाहणी आली. तिचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये बाहेर पडला. गरिबांपैकी सुमारे तीनचतुर्थांश इतौकेई आहेत, असे त्यात नमूद होते. वांशिक वर्गवारीचे आकडे सरकारने अमान्य केले आणि सांख्यिकी कार्यालयाच्या प्रमुखांना पदावरून दूर केले. वंशभेद संपवू म्हणणाऱ्या सरकारने वंशनिहाय आकडा सांगणाऱ्यालाच घालविले! हा मार्ग चुकीचा होता. इतौकेई गावांतील आणि झोपडपट्ट्यांतील दारिद्र्य खरे आहे. ते दडवले की उद्याच्या राबुकाला आयता विषय मिळतो. परंतु आकडा वाचावयाचा कसा, हेही सांगितले पाहिजे. १९९१ चे भारतीय आणि २०२० चे भारतीय ही तीच माणसे नव्हेत. लहान कुटुंबे, वयस्कर माणसे आणि परदेशातून येणारा पैसा हे सारे त्यांच्या सरासरीत आहे. जे गेले ते हिशेबातूनही गेले. देश सोडावा लागणे ही आपत्ती. पण सरासरीच्या रकान्यात ती सुस्थिती म्हणून जमा होते. उलट गावातला कंद, मासळी आणि सामूहिक जमिनीचा आधार यांची किंमत कशी लावावयाची, यावर इतौकेईंचा आकडा वरखाली होतो.

राबुका डिसेंबर २०२२ मध्ये निवडणुकीच्या मार्गाने पुन्हा पंतप्रधान झाले. मे २०२३ मध्ये त्यांनी १९८७ च्या कृत्याबद्दल गिरमिटियांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली. ती मनापासून होती असे मानण्यास हरकत नाही. आता ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या बागांत, मांसाच्या कारखान्यांत हंगामी करारावर जे तरुण जातात, त्यांत बहुसंख्य इतौकेई आहेत.

सुवा-नौसोरी पट्ट्यातील झोपडवस्त्यांत 'वाकावनुआ' नावाची एक पद्धत चालते. जमिनीच्या मूळ मालकांना काही रक्कम, काही भेटवस्तू द्यावयाची आणि तोंडी परवानगीने घर उभारावयाचे. कागद नसतो, त्यामुळे नळाची जोडणी मिळविणे कठीण जाते आणि बँक दारात उभे करीत नाही. अशा वस्त्यांत लंबासाहून आलेले ऊसकऱ्याचे कुटुंब आणि दूरच्या बेटावरून आलेले इतौकेई कुटुंब शेजारी शेजारी राहतात. पाहणीचा कारकून आला की त्यांची नोंद दोन वेगवेगळ्या रकान्यांत होते.