कोकोचा कप आणि आमचं स्टिकर

दिवेलागणीची वेळ आहे, थंडीही चांगली पडली आहे, तेव्हा आज आम्ही गटातल्या बायका तुम्हाला एक गरम पेय करायला सांगणार आहोत. आणि त्याच पेयापायी आमच्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहोत. आधी कृती सांगायची की आधी चूक, यावर इथे यायच्या आधी एसटीत आमचा वाद झाला. शेवटी कृती आधी ठरली. चूक ऐकल्यावर कोणी वही-पेन घेऊन बसणार नाही, असं एकीचं म्हणणं पडलं.

हे पेय आमच्याकडे आलं मागच्या वर्षीच्या कोजागिरीला. मसाला दूध उकळत होतं. आमच्यातल्या एकीची मुलगी मुंबईला असते, ती मुलांसाठी कोको पावडरचा डबा घेऊन आली होती. तिने त्याच दुधात दोन चमचे कोको घातला. म्हाताऱ्या बायकांनी आधी नाकं मुरडली, मग कप पुढे केले. कोकोचं पेय आलं मेक्सिकोकडून. तिथली माणसं तो साखरेशिवाय, मिरची घालून पीत, आणि आपली मिरचीसुद्धा तिकडूनच आलेली. तेव्हा कोकोत मसाला घालणं ही काही आमची अक्कल नव्हे.

मसाला मात्र आमच्या परसातला. कोकणात दालचिनी आणि जायफळ नारळी-पोफळीच्या सावलीत छान येतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण तेज ही दालचिनीची जात आणि कोकण सुगंधा ही जायफळाची जात आमच्या काही बायकांच्या वाडीत लावलेली आहे.

आता लिहून घ्या. चार कपांचं प्रमाण सांगतो. नाचणीचं पीठ दोन मोठे चमचे, कोरडंच मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा. गार झाल्यावर वाटीभर पाण्यात कालवा. गरम पाण्यात कालवलंत तर गुठळ्या होतील. पातेल्यात दीड कप पाणी ठेवा, उकळी आली की कालवलेली नाचणी हळूहळू ओता आणि सहा-सात मिनिटं ढवळत शिजवा. कच्ची राहिली तर घशाला चरचरते. दुसरीकडे कोको पावडर चार सपाट चहाचे चमचे घेऊन थोड्या कोमट पाण्यात लेपासारखी कालवा. कोको सरळ दुधात टाकला की वर तरंगतो आणि मग रवीनेही ऐकत नाही. हा लेप पातेल्यात घाला, दोन कप दूध घाला, पाव चमचा सुंठ, अर्धा चमचा दालचिनीची पूड, दोन वेलदोडे कुटून आणि मिठाची कणी घाला. एक उकळी येऊ द्या. सहाणेवर जायफळाचे तीन-चार वेढे उगाळून तेही त्यात घाला.

गूळ सगळ्यात शेवटी, पातेलं खाली उतरवून. उकळत्या दुधात गूळ घातला की दूध नासण्याची भीती असते, हे तुम्हाला सांगायला नको, पण आमचं पहिल्याच दिवशी नासलं होतं म्हणून सांगतो. चार कपांना किसलेला गूळ चार चमचे पुरे. दुधाऐवजी नारळाचा रस घालायचा असेल तर तोही शेवटी घाला. उकळला की फुटतो.

दोन गोष्टींत हात आखडता घ्या. जायफळ वेढ्यांनीच मोजायचं, चमच्याने नाही. चमचाभर जायफळ पोटात गेलं तर भोवळ येते, छाती धडधडते, माणूस बरळायला लागतो. दुसरी दालचिनी. बाजारात जाड, कडक, एकच वळी असलेली साल मिळते ती बहुतेक वेळा कॅसिया असते. खरी दालचिनी पातळ, कागदासारख्या थरांची, हाताने सहज मोडणारी. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं, ते रोज भरपूर पोटात गेलं तर यकृताला बरं नाही. चिमूटभराने काही होत नाही, पण ‘चांगलं आहे म्हणून अजून एक चमचा’ हे नको.

कोको घेताना डब्याच्या मागचं वाचा. ज्यावर ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ लिहिलेलं असतं त्यात बहुतेक वेळा घटकांच्या यादीत पहिलं नाव साखरेचं असतं. यादीत जो घटक वजनाने जास्त तो आधी छापायचा असा नियम आहे. आपल्याला हवी ती नुसती कोको पावडर, बिनसाखरेची, कडू. आणि हो, उरलेलं कुत्र्याला घालू नका, कोको कुत्र्याला विषारी असतो.

झाली कृती. आता स्टिकरचं.

कोजागिरीनंतर आम्ही याचं कोरडं मिश्रण करून विकायचं ठरवलं. भाजलेली नाचणी, कोको, मसाले, गुळाची पावडर. अन्नपदार्थाची नोंदणी आधीच्या पापड-कोकमासाठी होतीच. जानेवारीत तालुक्याला बचत गटांचा मेळा होता. आमच्यातल्या एकीने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता, त्यात असंच पेय करून एक बाई सांगत होती की याने हार्मोन बॅलन्स होतात, पाळी सुधारते. आम्हाला वाटलं, आपल्याही पाकिटावर हे असलं तर खपेल. ३०० स्टिकरं छापून घेतली. वर मोठ्या अक्षरात ‘महिलांसाठी, हार्मोन संतुलन’. खाली फुलाचं चित्र. मेळ्यात पाकिटं दुपारपर्यंत संपली. आम्ही खूश होतो, खोटं कशाला बोला.

आमच्या गटात एक वहिनी आहेत. वय ४६. नाव सांगायचं नाही, पण हे सगळं रेडिओवर सांगा असं त्यांनीच आम्हाला सांगितलं आहे. त्यांना दिवाळीपासून पाळीत खूप जात होतं. आठ-नऊ दिवस, गाठी पडायच्या, रात्री उठून कपडा बदलायला लागायचा. कोणाला बोलल्या नाहीत. ‘जायची वेळ आली की असं होतंच’ हे आपण सगळ्याच एकमेकींना सांगत असतो, तेच त्यांनी स्वतःला सांगितलं. रुग्णालयात जायचं म्हणजे एक रोज बुडतो, तेही होतं. आणि घरात आमचं पाकीट होतं. त्यावर लिहिलेलं होतं हार्मोन संतुलन. त्या सकाळ-संध्याकाळ एकेक कप घ्यायला लागल्या. आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यासुद्धा याच कपाबरोबर घ्यायच्या, पोटात मळमळ नको म्हणून.

आषाढात लावणी चालू असताना खाचरातच त्या खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. ओठ पांढरे. ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन निघालं ६.४. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की रक्त कमी, असं धरतात. दोन पिशव्या रक्त चढवलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, फायब्रॉइड. डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेत होता? वहिनींनी पाकीट काढून दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि आमच्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर त्यांनीच आम्हाला बसवून समजावलं. दुधातलं कॅल्शियम, कोकोतली तुरट द्रव्यं आणि नाचणीतली फायटेट्स ही तिन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. म्हणजे वहिनींच्या गोळ्यांतलं कितीतरी लोह आमच्याच कपाने अडवलं होतं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा-दूध-कोको त्याच्या आधी-नंतर निदान दोन तास नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तर आणखी जपायचं. ती पहाटे रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर, आणि दूध, कॅल्शियम, लोह चार तासांनी.

आम्ही विचारलं, मग हार्मोन संतुलन हे सगळं खोटंच का? त्यांनी जे सांगितलं ते आमच्या भाषेत सांगतो. हार्मोन म्हणजे ग्रंथींनी रक्तातून धाडलेले निरोप. गळ्यातली थायरॉइड वेगळा निरोप धाडते, बीजकोश वेगळा. बीजकोशातलं इस्ट्रोजेन तर महिनाभर चढतं-उतरतंच, ते चढलं-उतरलं नाही तर पाळीच येणार नाही. त्यामुळे तराजूची पारडी सारखी करावी तसं काही तिथे करायचं नसतं. एकीची थायरॉइड मंदावलेली, दुसरीला पीसीओडी, तिसरीची पाळी जायला आलेली, चौथीला गाठ. चौघींनाही पाळीचाच त्रास, पण चौघींचे उपाय चार. एकाच पुडीने ते सगळं कसं होणार?

कपाचा उपयोग नाही असं मात्र नाही. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पाळी जायच्या वयात हाडांसाठी ते लागतंच. कोकोत मॅग्नेशियम आहे. दिवसाचा चौथा गोड चहा सुटतो. चार वाजता शेतातून येऊन दहा मिनिटं बूड टेकतो, हे आम्हाला वाटतं सगळ्यात मोठं. पण गूळ साखरेसारखाच रक्तात साखर वाढवतो, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी आणि पीसीओडीच्या मुलींनी तो अर्ध्यावर आणावा किंवा गाळावा. मुतखडा होऊन गेला असेल तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि पुढचं कृपा करून शेजारणीलाही सांगा. पाळी सात दिवसांच्या वर गेली, तासातासाला पॅड किंवा कपडा भिजायला लागला, मोठ्या गाठी पडल्या, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा एक थेंब जरी दिसला, तर काढा नाही, कोको नाही, घरगुती काहीच नाही. तपासणी. हिमोग्लोबिन तर आपल्या उपकेंद्रातही बघतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांत ५७ जणींना रक्त कमी निघालं होतं. म्हणजे आपल्या दहाजणींच्या गटात पाच-सहा जणी. आम्ही आमच्या गटाची तपासणी करून घेतली, आमच्यात सात निघाल्या.

स्टिकरं आम्ही चुलीत घातली. आजाराला उतार पडतो असा दावा खाण्याच्या वस्तूवर करायला कायद्याने बंदी आहे, हे आम्हाला नंतर कळलं. पाळीचे विकार दुरुस्त होतात अशी औषधाची जाहिरात करायलाही १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. ते कळलं नसतं तरी जाळलीच असती. अडचण अशी की विकलेली पाकिटं परत कशी आणायची. मेळ्यात कोणी कोणी घेतली ते आम्हाला माहीत नाही. म्हणून इथे आलो. तुमच्या घरात फुलाचं चित्र असलेलं आमचं पाकीट असेल तर पेय प्या, वरचं वाक्य खोडून टाका. आणि ते वाक्य वाचून कोणी तपासणी पुढे ढकलली असेल, तर उद्याच्या उद्या जा.

वहिनींची शस्त्रक्रिया दिवाळीआधी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. आता हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे, वजन उचलायला अजून बंदी आहे. त्यामुळे घरी बसून नवी स्टिकरं चिकटवायचं काम त्यांनीच मागून घेतलंय. नव्या स्टिकरवर नाव आहे ‘मसाला कोको’, खाली घटक, वजन, तारीख, आणि वहिनींच्या आग्रहाने एक ओळ: लोहाच्या व थायरॉइडच्या गोळीबरोबर घेऊ नये. या वेळी पाकिटं हळू खपताहेत. पुढच्या गुरुवारी कुळथाविषयी बोलू.