लेकरांची ओळ



आमच्या गावाबद्दल एक जुनी म्हण आहे, ‘जालना सोने का पालना’. व्यापारउदीम भरात होता, त्या काळातली. पालना म्हणजे पाळणा. ज्या गावाच्या नावाशी पाळणा जोडलेला आहे, त्या गावच्या माणसाने लेकरांविषयी बोलले तर नवल नाही. आज मला बोलायचे आहे ते एवढेच, की देवाच्या घरात लहान लेकरांची जागा कोणती?

माझा एक शाळासोबती ख्रिस्ती आहे. ईदला तो आमच्याकडे शीरखुर्म्याला येतो, नाताळला मी त्याच्याकडे करंज्या आणि केक खायला जातो. चाळीस वर्षांचा हा शिरस्ता आहे. काही वर्षांपूर्वी एका रविवारी तो मला उपासनेलाच घेऊन गेला. त्याच्या नातीचा बाप्तिस्मा होता. मी शेवटच्या बाकावर बसलो.

पाळकसाहेबांनी आधी आईबापांना प्रश्न विचारले. मग सगळ्या मंडळीला उभे केले आणि विचारले, ‘या लेकराला विश्वासात वाढवायला तुम्ही हातभार लावाल ना?’ सगळे एका आवाजात ‘हो’ म्हणाले. मला ते फार आवडले. लेकरू एका घरात जन्मले, पण जबाबदारी सगळ्यांनी उचलली.

पुढे उपदेश सुरू झाला. मधल्या रांगेत तीनेक वर्षांचा एक मुलगा होता. तो आधी कुजबुजला, मग बाकाखाली शिरला, मग मोठ्याने रडू लागला. माना वळल्या. त्याची आई लाजून लाल झाली आणि त्याला काखेत मारून दाराकडे निघाली. तेव्हा पाळकसाहेब थांबले आणि शांतपणे म्हणाले, ‘ताई, बसा. आत्ताच आपण सगळ्यांनी शब्द दिलाय.’

चर्चमध्ये क्षणभर कोणी बोलले नाही. मग एका आजीबाईंनी सरकून जागा केली आणि त्या मुलाच्या हातात आपली किल्ल्यांची जुडी दिली. तो गप्प झाला. उपदेश पुढे चालू झाला.

बाहेर आल्यावर एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, ‘आमच्या वेळी हूं की चूं होत नसे.’ त्यांचेही खोटे नव्हते. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा मिळणारे चार शब्द नीट ऐकावेसे वाटतात. शांतता हाही उपासनेचाच भाग आहे. मग काय करायचे? परदेशांतल्या काही चर्चमध्ये मागे काचेची वेगळी खोली असते. रडणारे मूल घेऊन आई तिथे बसते, तिला आतले दिसते आणि ऐकू येते. सोय चांगली आहे. पण लेकराच्या मनात काय उरत असेल? आपण काचेच्या पलीकडचे, एवढेच.

रविवारची शाळा हाही एक उपाय. इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावी 1780 च्या सुमारास रॉबर्ट रेक्स यांनी ती नावारूपाला आणली, ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी. पुढे ती जगभर पसरली. तिने पिढ्या घडवल्या, यात शंका नाही. पण मोठी माणसे आत आणि मुले कायम दुसऱ्या खोलीत, असे झाले तर मुले धर्माची गोष्ट शिकतात. आजोबांचे मिटलेले डोळे आणि गाताना भरून आलेला आईचा गळा त्यांना दिसत नाही. आणि श्रद्धा तर तिथूनच लागते.

चर्चनेही या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. 1970 मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारत चर्चची स्थापना झाली. त्यांत काही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणाऱ्या, तर काही जाणत्या वयातच देणाऱ्या. भांडण न करता दोन्ही वाटा ठेवल्या गेल्या. एक तर बाळपणी बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण. नाही तर बाळपणी समर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा. वाटा दोन, पण बाळाचे स्वागत दोन्हींकडे आहे. कॅथलिक चर्चमध्ये दहावे पायस पोप यांनी 1910 मध्ये, सातेक वर्षांच्या, समज आलेल्या मुलांना पवित्र भोजनाला येऊ द्यावे, असे ठरवले. त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना बारा-चौदा वर्षांपर्यंत थांबावे लागे.

आमच्या जालन्याचा या गोष्टीशी एक नाजूक संबंध आहे. जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात निजामी राजवटीत मिळालेल्या जमिनीवर ती वसवली. ते जन्माने ब्राह्मण. 1843 मध्ये मुंबईत ते ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा अल्पवयीन होता, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. मग प्रश्न आला, त्याला जातीत परत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यापायी त्यांना सनातन्यांचा रोष सोसावा लागला. एका कोवळ्या मुलासाठी अख्खी मुंबई ढवळून निघाली.

ही हकिकत मी मुद्दाम सांगतो आहे. लेकराचे स्वागत वेगळे आणि लेकराची ओढाताण वेगळी. आपल्या मुलाला आपल्या प्रार्थनेत मांडीवर घ्यावे. दुसऱ्याच्या मुलाला पाणी द्यावे, माया द्यावी आणि त्याच्या घरी सुखरूप पोचवावे. माझ्या मित्राच्या आईने माझ्याशी हेच केले. नाताळची गाणी ऐकू दिली आणि मगरिबची अजान झाली की म्हणायची, ‘जा बाबा, अम्मी वाट बघत असेल.’

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन आणले. मुलांसाठीच्या ‘बालबोधमेवा’ या मासिकाचे संपादनही त्यांनी केले. कवी म्हणून मला वाटते, या दोन कामांचे नाते आहे. टाळ-झांजेच्या तालावर लहान मूल सहज सामील होते. त्याला अर्थ उशिरा कळतो, ठेका आधी कळतो. कीर्तनात आईच्या पदरावर झोपी गेलेले मूलही कीर्तनात असतेच.

शुभवर्तमानात मार्कच्या दहाव्या अध्यायात प्रसंग आहे. लोक मुले घेऊन आले, शिष्यांनी अडवले, तेव्हा येशू रागावला. मुलांवर नव्हे, अडवणाऱ्यांवर. त्याने मुलांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला. आमच्याकडे हदीसमध्ये येते, की सजद्यात असताना नातू पाठीवर बसला म्हणून पैगंबरसाहेबांनी सजदा लांबवला. मागून मूल रडल्याचा आवाज आला, की आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज आटोपती घेत.

हे सगळे मला ठाऊक होते. तरीही, श्रोतेहो, पंचवीसेक वर्षांपूर्वी माझा मुलगा नमाजाच्या रांगांमधून हसत पळाला, तेव्हा मी चारचौघांत त्याला फटकावले. लोकांच्या नजरेची लाज वाटली, दुसरे काही नाही. तो मुकाट बाहेर जाऊन चपलांपाशी बसला. पुढे कित्येक दिवस माझ्यासोबत यायला तो निमित्ते काढून टाळत राहिला. त्या चर्चमध्ये पाळकसाहेब ‘ताई, बसा’ म्हणाले, तेव्हा मला चपलांपाशी बसलेला माझा मुलगा दिसला.

गेल्या ईदला तो पुण्याहून आला, सोबत चार वर्षांचा नातू. मी त्याला माझ्या शेजारी ओळीत उभे केले. तो मधेच बसला, माझ्या दाढीकडे बघून हसला, काहीतरी मोठ्याने बोलला. नमाजानंतर मागचे एक जण कुरकुरले. मी म्हणालो, ‘राहू द्या भाईसाब, शिकतोय.’ मुलगा माझ्याकडे बघत होता. बोलला काही नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. लेकरू पुढे बसवा, त्याला दिसू द्या. दानाची थैली त्याच्या हाती द्या. एखादे गाणे त्याला येणारे निवडा. उपदेश थोडा आवरता घ्या. थकलेल्या आईचे मूल शेजारणीने पाच मिनिटे घ्यावे. आणि रडणे ऐकू आले, की मान वळवू नका; थोडे सरकून जागा द्या.

आज शेवटची ओळ लेकरांची आहे. उद्या पहिली ओळ त्यांचीच असणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)